वडाच्या पाराचा दुसरा फोटो

आमच्या सकाळच्या फेरीच्या वाटेवर, नवी मुंबईतल्या बेलापुरात, एक जुना वड आहे. त्याला दगडी पार आहे, पारावर शेंदूर लावलेला देव आहे, आणि वटपौर्णिमेचं सूत पावसाळा संपेपर्यंत बुंध्याला तसंच असतं. पोकेमॉन गो हा फोनवरचा, खऱ्या जागांपर्यंत चालत जाऊन खेळायचा खेळ. त्यातल्या थांब्याला पोकेस्टॉप म्हणतात. मी तो वड पोकेस्टॉप म्हणून सुचवला. नाकारला गेला. पुन्हा सुचवला, पुन्हा नाकारला गेला. दोन्ही वेळा कारण एकच आलं: नैसर्गिक गोष्ट.

मला वाईट वाटलं. गावाची पंचायत जिथे भरत असेल, ती जागा 'नैसर्गिक गोष्ट' कशी? तेव्हा भाचा म्हणाला, "मावशी, तू फोटो कशाचा काढलायस ते बघ ना एकदा."

बघितलं. फोटोत वड होता, नुसता वड. पार खालच्या कोपऱ्यात अर्धा कापला गेलेला, त्याला टेकून उभी केलेली स्कूटर, आणि देव स्कूटरच्या मागे. शीर्षक मी दिलं होतं 'वडाचं झाड'. झाड म्हणून सुचवलं, झाड म्हणूनच नाकारलं गेलं. त्यात तपासणाऱ्याचं काय चुकलं?

त्या दिवसापासून मी स्वतः वेफेअररवर, म्हणजे अशा जागा तपासायच्या वेबसाइटवर, इतरांची नॉमिनेशन्स (सुचवलेल्या जागा) तपासायला लागले. २०१९ साली ही सोय सुरू झाली. खेळाडूंनी सुचवलेल्या जागा इथे मुख्यतः खेळाडूच तपासतात. तपासणाऱ्यासमोर फार थोडं असतं. जागेचा एक फोटो, आजूबाजूच्या परिसराचा दुसरा फोटो, शीर्षक, चार ओळींचं वर्णन, ही जागा का हवी याची आपण दिलेली माहिती, आणि नकाशावरची पिन. तो माणूस बेलापुरात कधी आलेला नसतो. पार म्हणजे काय हे त्याला ठाऊक असेलच असं नाही. आपल्याला वाटतं, हे काय सांगायचं, सगळ्यांना माहीतच असतं. आणि तिथेच आपली अर्धी नॉमिनेशन्स पडतात.

दुसऱ्या फोटोकडे तर आपण लक्षच देत नाही. भारतात गूगलचं स्ट्रीट व्ह्यू २०२२ च्या जुलैमध्ये दहा शहरांत नव्याने सुरू झालं. त्याआधी आपल्याकडच्या गल्लीबोळातली गोष्ट खरंच तिथे आहे का, हे तपासायला उपग्रहाचं चित्र आणि हा दुसरा फोटो एवढंच हाताशी असायचं. उपग्रहाला वडाखालचा पार दिसत नाही, फांद्याच दिसतात. गावठाणात घरं इतकी खेटून आहेत की छोटी देवळी छपरांत हरवते. म्हणून दुसरा फोटो चार पावलं मागे जाऊन काढायचा: शेजारची पाण्याची टाकी, दुकानाचा कोपरा, रस्त्याचं वळण, जे वरूनही ओळखता येईल ते त्यात आलं पाहिजे. मी दुसरा फोटोही जवळूनच काढला होता.

नाकारलं गेलेलं सगळंच मात्र फोटोमुळे नाकारलं जात नाही. काही नियम मला आधी टोचले आणि नंतर पटले.

मी आर्टिस्ट व्हिलेजमध्ये राहते. चार्ल्स कोरियांनी सिडकोसाठी आखलेली ही वसाहत. सात घरं एका अंगणाभोवती, आणि अशी तीन अंगणं मिळून एक मोठी मोकळी जागा. आमच्या अंगणात रंगीत फरशीच्या तुकड्यांनी मढवलेलं तुळशीवृंदावन आहे. माझ्या मते आख्ख्या सेक्टर ८ मध्ये तेवढं देखणं दुसरं नाही. मी ते सुचवलं. खाजगी घराची जागा म्हणून नाकारलं गेलं. रात्रभर मनाला लागलं होतं. पण २०१६ च्या जुलैमध्ये हा खेळ अमेरिकेत आला तेव्हा लोकांच्या दारात, परसात अनोळखी माणसं फोन घेऊन उभी राहायला लागली होती. प्रकरण कोर्टात गेलं. २०१९ मध्ये तडजोड झाली, आणि स्वतंत्र घराच्या ४० मीटरच्या आतला पोकेस्टॉप हटवण्याची मागणी घरमालकाला करता येईल असं ठरलं. आमच्या अंगणाकडे सात घरांची दारं उघडतात. शेजारच्या आजी दुपारी तिथे वाल सोलत बसतात. त्यांच्यासमोर येऊन कुणी परक्याने फोनवर बोट फिरवत उभं राहावं, असं मलाही नको आहे.

शाळेच्या भिंतीवरचं चित्रही असंच. वारली चित्र होतं, मुलांनी स्वतः काढलेलं. लहान मुलांच्या शाळेच्या आवारातली कुठलीही गोष्ट चालत नाही, चित्र कितीही सुंदर असो. हा नियम कधीही सैल होऊ नये. अग्निशमन केंद्र आणि रुग्णालयाच्या आपत्कालीन दाराचंही तेच, गाडी निघताना वाटेत गर्दी नको. गणपतीचा मंडप नाकारला जातो कारण तो अकराव्या दिवशी उठतो. पण मंडळाचं बारमाही छोटं मंदिर असेल तर ते जरूर सुचवा. रस्त्याच्या दुभाजकावरचं शिल्प सुचवू नका, तिथे चालत सुरक्षित पोचता येत नाही.

आणि एक तक्रार मला सारखी ऐकू येते: "मंजूर झालं, पण खेळात दिसतच नाही." ते नाकारलेलं नसतं. खेळाचा नकाशा अदृश्य चौकटींत विभागलेला असतो, साधारण ७० मीटर बाजूच्या. त्यांना सेल म्हणतात, आणि पोकेमॉन गोमध्ये एका सेलमध्ये एकच पोकेस्टॉप किंवा जिम (खेळातली लढतीची जागा) दिसते. आपल्याकडचे बरेच जुने पोकेस्टॉप इन्ग्रेस नावाचा आधीचा खेळ खेळणाऱ्यांनी सुचवलेल्या पोर्टल्सवरून, म्हणजे त्या खेळातल्या जागांवरून, आलेले आहेत. त्यांच्यातलं एखादं तुमच्या सेलमध्ये असेल, तर तुमची जागा नोंदली जाते पण दिसत नाही. पिन सेलच्या पलीकडे सरकवून ती दाखवायचा मोह होतो. सरकवू नका. खोटी पिन टाकली की चांगली जागाही अविश्वासाने तपासली जाते.

तर पाराचं तिसरं नॉमिनेशन. रविवारी पावणेसातला गेले, स्कूटर लागायच्या आत. या वेळी फोटोत पार मध्यभागी, दगडी पायऱ्या स्पष्ट, देव पूर्ण दिसतोय, वडाचा फक्त बुंधा. शीर्षक 'म्हसोबाचा दगडी पार'. वर्णनात पार म्हणजे काय, लोक इथे कधी जमतात, सूत कुठल्या दिवशी बांधतात, सगळं लिहिलं.

फोटो काढत होते तेवढ्यात गावातल्या एक आजी दिव्यात तेल घालायला आल्या. "कशाला काढते फोटो?" त्यांनी विचारलं. मी फोनवरचं शीर्षक वाचून दाखवलं.

"म्हसोबा नाय गो," त्या म्हणाल्या, "यो चेडोबा हाय."

सहा वर्षं मी त्या वाटेने रोज चालते आहे. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले, चेडोबाला काय चालतं, काय चालत नाही, त्याची जत्रा कधी, नवस कसा फेडतात, ते सगळं विचारून घेतलं. मग शीर्षक खोडलं, वर्णन पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिलं, आणि त्यांना वाचून दाखवल्यावर पाठवलं.