लेझर, २२० केव्हीच्या तारा आणि ऐरोलीकडची झाडं

नवी मुंबईत ऐरोली-घणसोलीला डोंगराच्या बाजूने २२० केव्हीच्या (किलोव्होल्टच्या), म्हणजे उच्च दाबाच्या विजेच्या तारा जातात. त्यांच्याखालची झाडं कुठे आणि किती छाटायची, हे ठरवण्यासाठी ड्रोनवरून लायडर (लेझरने अंतर मोजणारा) सर्व्हे करायचं काम माझ्याकडे आलं. याआधी सगळं नजरेवर चालायचं. ३५ मीटरचा पट्टा धरायचा आणि जे उंच दिसेल त्यावर कोयता.

परवानग्यांचं पुराण लावत नाही. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर झोन बघा, पोलिसांना आधी लेखी कळवा.

हंगाम मात्र विचार करून निवडा. पावसात लेझर थेंबांवरच अडतो आणि उन्हाळ्यात उतारावरचा साग निष्पर्ण असतो, त्याचा पुरता घेर दिसत नाही. म्हणून पाऊस संपल्यावर, पानं गळायच्या आत आम्ही उडवलं. लेझरचा झोत पानांवर, फांद्यांवर आणि उरलासुरला जमिनीवर आपटून परत येतो. परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर निघतं. अशा असंख्य बिंदूंतून सॉफ्टवेअर जमीन, झाड, तार, टॉवर वेगळे करतं. पण टॉवरच्या पायांवर चढलेल्या वेलींना ते बेधडक टॉवर म्हणत होतं! हे सगळं हाताने निस्तरण्यात उड्डाणापेक्षा कितीतरी जास्त वेळ गेला. कोटेशन देताना हे कुणी सांगत नाही.

खरी गोम पुढेच. २२० केव्हीला तार आणि झाड यांच्यात किमान ४.६ मीटर अंतर लागतं. स्कॅनमध्ये बहुतेक झाडं पास होत होती. आमच्यासोबतचे लाइनमन काका स्क्रीनकडे बघून म्हणाले, “मॅडम, ही हिवाळ्यातल्या सकाळची तार झाली. मे महिन्यात दुपारी कुठे येते बघा.”

काकांचं बरोबर होतं. विजेचा भार आणि ऊन यांनी तार तापते, लांबते. मधला झोळ मीटरभर सहज वाढतो. वाऱ्याने ती बाजूलाही झुलते. १४ ऑगस्ट २००३ला अमेरिका-कॅनडात सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली, त्यातही ओहायोतल्या झोळ पडलेल्या तारा वाढलेल्या झाडांना टेकल्याचा मोठा वाटा होता. मग उपकेंद्रातून उड्डाणाच्या वेळचा लोड मागवला, हवेचं तापमान टिपलेलं होतंच. मॉडेलमध्ये तार डिझाइनप्रमाणे ७५ अंश सेल्सिअसवर नेली, वाऱ्याने झुलणं धरलं आणि सगळी अंतरं पुन्हा काढली. यादीच बदलली. टॉवरजवळचे उंच शिरीष सुटले, कारण तिथे तार उंचच राहते. दोन टॉवरांच्या मधोमध असलेले बुटके बांबू आणि सुबाभूळ, ज्यांच्याकडे कुणी बघितलंही नसतं, ते यादीत वर आले.

छाटणीचे अर्ज दोन ठिकाणी गेले: शहरातल्या झाडांसाठी महापालिकेचं वृक्ष प्राधिकरण, उतारावरच्यांसाठी वन विभाग. अर्जात प्रत्येक झाडाला क्रमांक, तारेसकट आडवा छेद (झाड आणि तार बाजूने दाखवणारं चित्र) आणि किती मीटर काढायचं तो आकडा. एका आंब्यावर पाहणीत बरीच चर्चा झाली. छेद दाखवला, तारेकडच्या दोन फांद्या काढल्या की भागतंय. आंबा राहिला.

असं काम कुणाला देणार असाल तर निविदेत तापलेल्या तारेची आणि वाऱ्याची अंतरं स्पष्ट मागा. नुसतं ‘क्लिअरन्स रिपोर्ट’ लिहिलंत तर उड्डाणाच्या दिवशीच्या तारेचा रिपोर्ट हातात पडतो. आणि बांबू दर पावसाळ्यात वाढतो, तेव्हा पुढच्या वर्षीच्या उड्डाणाचे पैसेही आत्ताच धरून ठेवा.