दोन रबरांची भानगड

"मामा, खाली ये ना, गाडी गळतेय." भाच्याचा फोन. रविवारचा चहा अर्धा टाकून पार्किंगमध्ये गेलो. आमच्या विक्रोळीच्या सोसायटीत दोन गाड्यांमध्ये एक माणूस आडवा होऊन सरकेल एवढीच जागा, त्यात काळ्या ऑइलचं हे भलंमोठं थारोळं.

पठ्ठ्याने स्वतःच ऑइल आणि फिल्टर बदललेला. "फिल्टर आणखी आवळू का?" म्हणे. अजिबात नाही! आधी इंजिन बंद ठेव. ऑइल कमी असताना गाडी चालवली तर बेअरिंग जातात, मग खर्चाचा आकडा ऐकून ताईला चक्कर येईल.

इंजिन गार झाल्यावर फिल्टर उघडला. वाटलं तेच निघालं. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिलेली, तिच्यावर नवी बसवलेली. दोन रिंगा एकमेकींवर नीट बसत नाहीत. ऑइलचं प्रेशर आलं की बाहेर सरकतात. काळ्यावर काळं, पटकन दिसतही नाही. जुनी नखाने सोलून काढली, इंजिनवरची रिंग टेकते ती जागा फडक्याने पुसली, नवीला ऑइलचं बोट लावलं आणि फिल्टर हातानेच आवळला. रिंग टेकल्यावर साधारण पाऊण फेरा, बस्स. पाना लागतो तो काढताना.

ऑइल भरून गाडी चालू केली, खाली टॉर्च मारला. कोरडं! बंद करून थोड्या वेळाने डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, पाहिली, लेव्हलही बरोबर.

पोराचा हात चांगला आहे हो, बाकीचं काम चोख होतं. फक्त जुनं ऑइल गटारात ओतायला निघाला तेव्हा ओरडलो. ते कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला दिलंय, आणि लादीवर भुसा टाकून घासायचं काम त्याच्याकडे.