आलेखातलं टेकाड

सगळं आवरून माझ्या दहावीच्या मुलांसाठी केलेल्या भिंगांच्या व्हिडिओचा आलेख बघत बसले, तेव्हापासून झोप उडाली आहे.

यूट्यूब स्टुडिओत कुठल्या क्षणाला किती जण बघत होते याची एक रेघ असते. माझ्या बहुतेक व्हिडिओंची रेघ वरून सुरू होऊन उतरत जाते, त्याची सवय झाली आहे. या व्हिडिओत मात्र मध्येच एक टेकाड आलंय. म्हणजे तेवढाच तुकडा मागे नेऊन पुन्हा पुन्हा पाहिलाय. मला वाटलं, किरणाकृती असणार. लाल-निळ्या स्केचपेनांनी केवढ्या निगुतीने काढली होती. तिथे नेऊन पाहिलं तर आकृती कधीच संपलेली. टेकाड होतं उदाहरणाच्या दुसऱ्या ओळीवर, जिथे सूत्रात किमती घालतो तिथे.

हीच ओळ मी वर्गात शिकवली होती. हेच उदाहरण, याच किमती. "समजलं का?" विचारलं तर सगळे एका सुरात "हो मॅडम". एक हात वर नाही.

मग मला का नाही विचारलं? मी काय खाणार होते का यांना?

2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हे व्हिडिओ सुरू केले, कारण दुसरा इलाजच नव्हता. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा या सरकारी ॲपवर साहित्य मिळायचं, अजूनही मिळतं, आणि चांगलं असतं. पण मुलांना आपल्या मॅडमचा आवाज हवा होता. शाळा उघडल्या तरी मी थांबले नाही. पंखा बंद करून, ह्यांना टीव्हीचा आवाज कमी करायला सांगून, फोन टेबलावर उलटा बांधून रेकॉर्डिंग करते. घाम निथळतो. स्टाफरूममध्ये यावर परवा जे बोलणं झालं ते आज नको. पण एवढं करून मूल मला सोडून माझ्या व्हिडिओला विचारतं, हे लागलंच मनाला. कॉमेंट मी स्वतःच बंद ठेवल्यात, मुलींची नावं उघड्यावर नकोत म्हणून. त्यामुळे कोण अडलं हे कळायला या रेघेशिवाय काही नाही. आणि रेघेला नाव नसतं. कदाचित दुसऱ्याच जिल्ह्यातलं कुणी असेल.

तरी राहवेना. वहीच्या मागच्या पानावर ते उदाहरण मांडलं. बहिर्गोल भिंग, नाभीय अंतर 20 सेंमी, वस्तू 30 सेंमीवर. चिन्ह संकेताप्रमाणे, म्हणजे कुठलं अंतर अधिक आणि कुठलं उणे धरायचं या नियमाने, वस्तूचं अंतर उणे 30. भिंगाच्या सूत्रात मुळातच एक वजाबाकी आहे, तिच्यात हे उणे घातलं की अधिक होतं आणि प्रतिमा 60 सेंमीवर येते. इथे अडण्यासारखं काय आहे? मग आठवलं, नववीत हीच मुलं आरशाचं सूत्र शिकतात आणि त्यात बेरीज असते. ती बेरीज डोक्यात धरून केलं तर उत्तर येतं 12.

तपासायला आणलेल्या गृहपाठाच्या वह्या पिशवीतच होत्या. काढल्या. काहींचं 60 बरोबर आलेलं, काहींनी उदाहरण सोडूनच दिलेलं. दोन-तीन ठिकाणी 12. आणि एका वहीत 12 लिहून त्यावर आडवी रेघ, शेजारी वेगळ्या पेनाने 60. खाली सूत्र पुन्हा लिहिलंय आणि मधल्या वजाच्या चिन्हाला गोल केलाय, दोनदा गिरवून. कोणाची वही ते इथे लिहीत नाही. वर्गात "हो मॅडम" म्हणताना तो आवाज सगळ्यांत पुढे असतो.

ती वही बराच वेळ हातात धरून बसले. त्या घरात फोन एकच, आणि तो रात्री वडील कामावरून आले की मिळतो. म्हणजे मी इथे भांडी घासत असताना तिकडे कुणीतरी मला थांबवत होतं, मागे नेत होतं, तेच परत बोलायला लावत होतं. आणि हुशार म्हणून जी ओळख आहे तिला धक्का न लागता. चाळीस डोळ्यांसमोर हात वर करून हे कसं जमलं असतं? मला तरी दहावीत जमायचं का? बाबांपुढे तर... जाऊ दे.

अजूनही थोडं वाईट वाटतंय, नाही असं नाही. विचारलं असतं तर मी आनंदाने सांगितलं असतं. पण त्या गोल केलेल्या वजाकडे पाहून रागही धरवत नाही.

उद्या तिसऱ्या तासाला आरशाचं आणि भिंगाचं सूत्र फळ्यावर शेजारी शेजारी लिहिणार, दोन रंगांत. 12 कसं येतं तेही पूर्ण करून दाखवणार, कुणाकडेही न बघता. तेवढ्याचाच वेगळा छोटा व्हिडिओ रविवारी करते, कमी डेटात उघडेल असा. ज्यांनी उदाहरण सोडून दिलंय त्यांच्यासाठी काय करावं, ते मात्र अजून सुचलेलं नाही.