बटन कुठं गेलं?

"मॅडम, माझं बटन गायब झालं."

सेंट्रिफ्यूजमधून काढलेली नळी हातात धरून आमची शिकाऊ मुलगी उभी होती. डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करतेय, येऊन जेमतेम तीन आठवडे झालेत. रक्तपेढीत बटन म्हणजे नळीच्या तळाशी बसलेला तांबड्या पेशींचा गोळा. पेशी सलाईननं तीनदा धुवायच्या, फिरवायच्या, वरचं पाणी टाकून द्यायचं. जे राहतं ते बटन, आणि सगळ्या टेस्ट त्याच्यावर. तिच्या नळीच्या तळाला काही म्हणजे काही नव्हतं. वर मात्र कोकम सरबतासारखं लालभडक, नितळ पाणी.

मी टेबलावरचं वर्तमानपत्र नळीमागं धरलं. बारीक टायपातल्या छोट्या जाहिरातीसुद्धा वाचता आल्या. धड पेशी असल्या की नळी गढूळ दिसते, मागचं अक्षर दिसत नाही. पेशी फुटल्या की हिमोग्लोबिन पाण्यात उतरतं आणि नळी आरपार होते.

"कुठली बाटली घेतलीस?"

तिनं दाखवली. डिस्टिल्ड वॉटर. सलाईनमध्ये मीठ असतं, यात नाही; म्हणून हे पाणी पेशीत शिरत राहतं आणि ती फुगून फुटते.

तिला रागवायला मला तोंड नव्हतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी हेच केलं होतं, तेही अख्ख्या रॅकवर. तेव्हाच्या आमच्या सरांनी त्या बारा लाल नळ्या माझ्यासमोर ओळीनं मांडल्या आणि एक शब्द न बोलता ते चहाला निघून गेले. बावीस वर्षं झाली, अजून ती ओळ डोळ्यांसमोर आहे.

पण पोरीनं पुढं जे विचारलं ते मला तेव्हा सुचलं नव्हतं. "मॅडम, रंग बाहेर आला हे कळलं. पण पेशी गेल्या कुठं?"

कुठंच गेल्या नाहीत. नळीतच आहेत, नुसते रिकामे पापुद्रे. आमच्या टेबलावरच्या मशीनला ते खाली ओढता येत नाहीत. जोरात फिरवणारं मशीन असेल तर तळाला फिकट, ढगासारखा थर बसतो. त्याला जगभर 'घोस्ट' म्हणतात, म्हणजे पेशीचं भूत. तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, मायटोकॉन्ड्रिया नसतात; रंग ओतून दिला की निव्वळ पटल, म्हणजे पेशीचं बाहेरचं आवरण, हाती लागतं. पेशीच्या पटलाबद्दल आज जे माहीत आहे त्यातलं बरंचसं म्हणूनच रक्तातून आलंय. शाळेच्या पुस्तकात 'प्रद्रव्यपटल' असा जड शब्द होता. मी आपलं पापुद्राच म्हणते.

हा पापुद्रा साधारण ५ नॅनोमीटर जाड. तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉन रुंद. म्हणजे पेशी जेवणाच्या ताटाएवढी मोठी केली, तर पापुद्रा जाडसर कागदाएवढा होईल.

तो कशाचा आहे, ते १९२५ साली हॉलंडमधल्या लायडनला गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी काढलं. गॉर्टर हा मुलांचा डॉक्टर. माणूस, कुत्रा, मेंढी, ससा अशांचं रक्त घेऊन त्यांनी तांबड्या पेशींतली सगळी चरबी ॲसिटोननं काढली आणि पसरट भांड्यातल्या पाण्यावर ती एकपदरी पसरू दिली. तवंगाचं क्षेत्रफळ मोजलं, पेशींच्या पृष्ठभागाचंही काढलं. तवंग दुप्पट भरला. म्हणजे पेशीभोवती चरबीचे दोन पदर. पदरातल्या प्रत्येक रेणूला पाण्याची आवड असलेलं डोकं आणि पाण्याचं वावडं असलेल्या दोन शेपट्या. दोन्ही पदरांच्या शेपट्या आत समोरासमोर, डोकी बाहेरच्या आणि आतल्या पाण्याकडं. मजा म्हणजे त्यांच्या कामात दोन चुका होत्या. ॲसिटोननं सगळी चरबी निघत नाही, आणि पेशी वाळवून मोजल्यामुळं त्यांचं क्षेत्रफळही कमी आलं. दोन्ही उण्या बाजू एकमेकींना फिटल्या आणि उत्तर बरोबर निघालं! आमच्याकडं असं झालं असतं तर ऑडिटवाल्यांनी दोघांनाही मेमो दिला असता.

आता चरबी म्हटली की मला तूप आठवतं. थंडीत बरणीतलं तूप थिजतं, शेंगतेल थिजत नाही, कारण तेलातल्या शेपट्यांना मध्येच बाक असतो आणि त्या एकमेकींना चिकटून बसू शकत नाहीत. मग ४ अंशांच्या फ्रीजमध्ये रक्ताची पिशवी ३५ दिवस राहते, तिच्यातल्या पेशी थिजून दगड का होत नाहीत? काही शेपट्यांना बाक असतो हे एक. दुसरं, कोलेस्टेरॉल. ते नाव ऐकलं की लोक छातीला हात लावतात, पण तांबड्या पेशीच्या पापुद्र्यात ते दुसऱ्या चरबीच्या जवळजवळ बरोबरीनं असतं. शेपट्यांच्या मधे पाचर मारल्यासारखं बसतं: थंडीत त्यांना पक्कं रचू देत नाही आणि उष्णतेत फार सैल पडू देत नाही. (पिशवी नेताना थेट बर्फाला टेकवू नका म्हणून आम्ही नातेवाइकांच्या मागं लागतो, ते मात्र चरबीसाठी नाही. पाणीच गोठलं की पेशी फुटतात.)

पिशवीचीही एक गंमत आहे. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात डीईएचपी नावाचं द्रव्य घालतात. ते हळूहळू रक्तात झिरपतं, पेशींच्या पापुद्र्यात जाऊन बसतं, आणि त्यामुळं पेशी कमी फुटतात. शरीराला ते नको म्हणून दुसऱ्या पिशव्या आणू गेलं की साठवणीत रक्त जास्त खराब होतं. सज्जनपणा असा महागात पडतो.

नुसत्या चरबीच्या पापुद्र्यानं पेशीचं भागत नाही. चरबीतून पाणी आत येतं, पण रमतगमत. तांबड्या पेशीत ते क्षणात शिरतं, कारण वाटेत प्रथिनांची दारं आहेत. ती सापडली कशी, तर पीटर ॲग्रे हे अमेरिकन संशोधक आमच्याच बिरादरीचं काम करत होते, रक्तगटाचं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरवणारं तांबड्या पेशींतलं आरएच प्रथिन वेगळं काढण्याचं. त्यात एक अनोळखी प्रथिन सारखं भेसळीसारखं यायचं. कुणी ते कचरा म्हणून सोडून दिलं असतं. त्यांनी सोडलं नाही. ते पाण्याचं दार निघालं, ॲक्वापोरिन. २००३ साली त्याबद्दल नोबेल. आमच्या मुलीची नळी इतक्या झटपट लाल झाली ती या दारांमुळंच.

मग ही प्रथिनं या चरबीत बसतात तरी कशी? भिंतीत वीट बसावी तशी? १९७० साली फ्राय आणि एडिडिन या दोघांनी उंदराची पेशी आणि माणसाची पेशी विषाणूच्या मदतीनं जोडून एक केली. उंदराच्या प्रथिनांना हिरवा रंग, माणसाच्या प्रथिनांना लाल. आधी अर्धी पेशी हिरवी, अर्धी लाल. ३७ अंशाला ठेवल्यावर चाळीस मिनिटांत दोन्ही रंग सगळीकडं कालवले गेले. थंडीत ठेवली तर सीमा तशीच राहिली. म्हणजे प्रथिनं चरबीत पोहतात, आणि चरबी थिजली की त्यांचंही पोहणं थांबतं. दोनच वर्षांनी सिंगर आणि निकोलसन यांनी 'तरल मोझेक' हे चित्र मांडलं, तेच आजही पुस्तकात आहे.

माझा त्या चित्राशी जरा झगडा आहे. त्यात सगळं मोकळं तरंगताना दिसतं, जत्रेत हरवल्यासारखं. तांबड्या पेशीत तसं नसतं. पापुद्र्याच्या आतल्या अंगाला स्पेक्ट्रिन नावाच्या लांब, लवचिक प्रथिनाची जाळी असते, कांद्याच्या पोत्यासारखी. पापुद्र्यात बँड ३ नावाचं प्रथिन आहे, एका पेशीत सुमारे दहा लाख नग. त्यातले काही अँकिरिन नावाच्या आकड्यानं खालच्या जाळीला बांधलेले. पेशी १२० दिवस जगते, स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिन्यांतून आणि प्लीहेच्या फटींतून दुमडून, चेपून जाते आणि पलीकडं पुन्हा चकतीसारखी होते, ती या जाळीमुळं. आणि चरबीचे दोन पदरही सारखे नाहीत. फॉस्फॅटिडिलसेरिन नावाची चरबी पेशी मुद्दाम आतल्या पदरात ठेवते, त्यासाठी ऊर्जा खर्च करते. ती बाहेर दिसली की भक्षक पेशी समजतात, हिचे दिवस भरले.

अलीकडचा वाद याच्या पुढचा आहे. १९९७ साली सायमन्स आणि इकोनेन यांनी मांडलं की पटलात कोलेस्टेरॉलचे छोटे तराफे असतात आणि ठरावीक प्रथिनं त्यावर जमतात. पुरावा काय, तर थंड डिटर्जंटमध्ये पटल विरघळवलं की काही भाग विरघळत नाही. मला पहिल्यापासून हे खटकायचं. थंडीत तूप थिजतंच. मग तो तराफा आधीपासून होता की तुम्ही थंडीनं केलात? ही शंका माझ्याआधी पुष्कळ मोठ्या लोकांनी घेतली होती, हे मागाहून कळलं तेव्हा बरं वाटलं. बंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधनसंस्थेत सत्यजित मेयर यांच्या गटानं न विरघळवता, जिवंत पेशीतच प्रकाशाच्या युक्तीनं पाहिलं. काही प्रथिनं दोन-चारांच्या टोळक्यानं राहतात, आणि त्या टोळक्यांना पापुद्र्याखालचे ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे धागे जमवतात नि मोडतात. म्हणजे पुन्हा वरच्या चरबीची व्यवस्था खालच्या दोऱ्यांच्या हातात. मला हे पटतं. रोज तेच बघते.

आमचा रक्तगट म्हणजे तरी काय, या पापुद्र्याबाहेर लोंबणारी साखर. बरीचशी त्या बँड ३ वरच, थोडी चरबीच्या डोक्यावर. १९५२ साली मुंबईत भेंडे आणि सहकाऱ्यांना असं रक्त सापडलं ज्यात ए नाही, बी नाही, आणि ओ गटात असते ती पायाची एच साखरसुद्धा नाही. तेच बॉम्बे ब्लड ग्रुप. त्या माणसांच्या पेशी धडधाकट असतात, त्यांचं काही अडत नाही. अडतं ते रक्त लागल्यावर, कारण त्यांना ओ गटाचंही चालत नाही. नुसत्या स्लाइडवर ग्रुप काढणारे त्यांना ओ म्हणून मोकळे होतात. उलट्या ग्रुपिंगला, म्हणजे रुग्णाचं सीरम माहीत असलेल्या पेशींवर तपासताना, ओ सेलही लावा, म्हणजे गठ्ठा दिसेल, हे मी प्रत्येक बॅचला कानीकपाळी ओरडून सांगते.

तर मुलीला म्हटलं, चुकलीस ते चुकलीस, आता तीच चूक मोजून करायला शिक. ऑस्मोटिक फ्रॅजिलिटी, म्हणजे पेशी किती पातळ मिठाच्या पाण्यात फुटतात ते बघायची टेस्ट, लावायची होतीच. मिठाच्या पाण्याच्या नळ्यांची रांग, ०.८५ टक्क्यापासून खाली खाली. चकतीसारख्या पेशीत ढिलाई असते, पाणी शिरलं की आधी ती फुगून गोल होते. पण गोल झाल्यावर मात्र संपलं. हा पापुद्रा हवा तसा वाकतो, दुमडतो, ताण मात्र क्षेत्रफळाच्या तीन-चार टक्क्यांपलीकडं सोसत नाही. चांगल्या पेशी ०.५० ते ०.४५ च्या आसपास फुटायला लागतात.

सँपल होतं नऊ वर्षांच्या मुलाचं. डोळे पिवळे, हिमोग्लोबिन सात, पोट डाव्या बाजूला भरलेलं. गळ्यात काविळीची माळ. आधी उतरवलेली दुसरी माळ आईनं पिशवीत जपून ठेवली होती. त्याच्या स्लाइडवर पेशींच्या मधला फिकट डाग गायब, सगळ्या बारीक, गच्च लाल गोळ्या. स्फेरोसाइट. अँकिरिनचा तो आकडा कमकुवत असला की जाळी खाली राहते आणि वरची चरबी बांधणीतून सुटून बुडबुड्याबुडबुड्यानं गळत जाते. पापुद्रा कमी पडतो, पेशी आधीच गोल होते, ढिलाई शून्य. प्लीहेच्या फटीत अडकते आणि तिथंच संपते.

०.६५ ची नळी मुलीनं उचलली. फिकट गुलाबी. ०.६० ला गडद. तिनं स्वतःहून वर्तमानपत्र मागं धरलं.

वडील बाकावर बसले होते. घरात कुणाला कावीळ, असं विचारलं तर नाही म्हणाले. मग पित्ताशयाचं काही? "माझं ऑपरेशन झालंय की. बावीसाव्या वर्षी. खडे होते." बावीसाव्या वर्षी पित्ताचे खडे! पेशी सारख्या फुटत राहिल्या की त्यांच्या रंगाचे असे खडे होतात, आणि हा दोष बापाकडून मुलाकडं येऊ शकतो. मी त्यांना म्हटलं, दादा, बाही वर करा, तुमचंही दोन मिली देऊन ठेवा.

त्यांची पहिली गुलाबी नळी ०.६० ला आली. त्यांना बोलावून मुलाची रांग आणि त्यांची रांग शेजारी शेजारी ठेवून दाखवली. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मास्तर लहानपणी मला पिवळ्या म्हणायचे, ते हेच व्हय?"