गड्ड्याला आप्पा आले, त्याची तयारी

सोलापूर म्हटलं की लोकांना ऊन आठवतं. आमची घरंही उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवूनच बांधलेली. खाली शहाबादी फरशी, वर झरोके, वारा खेळावा म्हणून समोरासमोर खिडक्या. जानेवारीत दुपारी तिशीच्या आसपास असलेलं तापमान पहाटे पंधराच्या खाली उतरतं, एखाद्या वर्षी पार दहापर्यंत येतं, आणि मग हेच घर म्हाताऱ्या माणसाला बाधतं. माझे वडील, आप्पा, ऐंशीच्या पुढचे. बीपी आहे, साखर आहे. यंदा सिद्धेश्वराच्या यात्रेसाठी, म्हणजे आमच्या गड्ड्याला, ते अक्कलकोटकडच्या गावाहून माझ्याकडे राहायला आले.

खरी अडचण थंडीची नव्हती, आप्पांच्या संकोचाची होती. लेकीच्या घरी काही मागायचं नाही, जावयाला तोशीस द्यायची नाही, हे त्यांच्या पिढीच्या हाडीमाशी भिनलेलं. "आप्पा, अजून एक चादर देऊ का?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "काही नको गं, बरं आहे." डॉक्टरांनी तर आधीच सांगून ठेवलं होतं की या वयात कातडी पातळ होते, कुडकुडणंही कमी होतं, त्यामुळे थंडी वाजतेय हे स्वतःलाच उशिरा कळतं. एक तर कळत नाही आणि कळलं तरी ते सांगणार नाहीत! म्हणून मी विचारणंच सोडलं. जे लागेल ते हाताशी असावं, एवढंच बघायचं ठरवलं.

झोपायची खोली बदलली. उत्तरेकडची पाहुण्यांची खोली सोडून संडास-बाथरूमला लागून असलेली आतली खोली दिली. झरोक्यांना पुठ्ठा लावला, पण एक फट मुद्दाम ठेवली. पलंगावर गादीच्या खाली एक जाड सोलापुरी चादर घातली, कारण गारवा खालूनही येतो. अंगावर मात्र दोन हलक्या चादरी. आपली चादर उबदार खरी, पण वजनाला भारी. रात्री उठताना पायात गुंतली की तोल गेलाच म्हणून समजा. मोजे घालून फरशीवर पाय सरकतो, म्हणून पलंगाशी रबरी तळाच्या चपला आणि रात्रभर जळणारा छोटा दिवा. उठल्यावर दोन मिनिटं कडेला बसायचं, मगच उभं राहायचं, हे मात्र मी रोज सांगितलं.

गावाकडे आप्पा खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवतात. ती मी ठेवू दिली नाही. बंद खोलीत कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. गॅस गिझरचंही तेच, म्हणून आमचा गिझर बाथरूमच्या बाहेर गॅलरीत बसवलाय. गरम पाण्याची पिशवी दिली ती टॉवेलात गुंडाळून, झोपायच्या आधी अंथरूण ऊबवायला, आणि ते आडवे झाले की काढून घेतली. साखरेमुळे त्यांचे तळपाय बधिर असतात, चटका बसला तरी कळायचं नाही.

आंघोळीवरून थोडं वाजलं. पहाटे पाचला आंघोळ आणि मग पूजा, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. थंडीत रक्तवाहिन्या आकसून बीपी वाढतं, त्यात पहाटेचा गारठा. शेवटी नेम त्यांचा राहिला, वेळ सातची झाली. आंघोळीआधी गरम पाण्याची बादली भरून दार लावून ठेवायचे, आत वाफ धरली की त्यांना बोलवायचे.

रात्री उठायला नको म्हणून ते पाणीच पीत नव्हते, हे माझ्या मुलीनं हेरलं. तांब्या भरलेला तसाच. मग दिवसभर कोमट पाणी, ताक, दुपारी आमटीत कुस्करलेली कडक भाकरी, असं करत संध्याकाळपर्यंत पोटात पाणी जाईल असं बघितलं. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी केली, भोगीची भाजी कवळीला सोसेल इतकी मऊ शिजवली. तिळगुळाचा मात्र एकच खडा.

अक्षता सोहळ्याला, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाला, तो होतो त्या संमती कट्ट्यापाशी मुंगीला वाट नसते. म्हणून तिथे न जाता नंदीध्वजांच्या, म्हणजे सजवलेल्या उंच मानाच्या काठ्यांच्या, वाटेवर ओळखीच्यांच्या ओट्यावर खुर्ची टाकली. बाराबंदी हा बंदांचा पांढरा अंगरखा घातलेले मानकरी नंदीध्वज तोलत जवळून गेले, "बोला हर्र" म्हणताना आप्पांचा आवाज चढला, अंगातला स्वेटर त्यांनी उन्हात स्वतःच काढला. नंतरच्या एका संध्याकाळी असलेल्या शोभेच्या दारूकामाला नेलं नाही. तळ्याकाठचा वारा त्यांना सोसला नसता, ते गच्चीच्या दारातून जेवढं दिसलं तेवढं बघितलं.

यात्रा संपली की दुसऱ्या दिवशी पिशवी भरायची, ही त्यांची दरवर्षीची रीत. यंदा पिशवी खुंटीलाच होती. दोन दिवसांनी चहा घेताना म्हणाले, "रथसप्तमीपर्यंत राहिलो तर चालेल का गं?" मी लगेच भावाला फोन लावला, गावाकडच्या बीपीच्या गोळ्या एस्टीनं पाठवून दे म्हणून.