तुमच्या आजी काय खायच्या हो?

सिन्नरला किंवा इथे नाशकात ओळखीचं कुणी भेटलं, आजीचा विषय निघाला, की हा प्रश्न येतोच. नव्वदी ओलांडली, शेवटपर्यंत काठी घेतली नाही, तर खाणं काय होतं त्यांचं? विचारणाऱ्याकडे उत्तर बहुतेक वेळा तयारच असतं: जुनं हाड, कष्टाचं शरीर, भाकरीचं खाणं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहिते, कारण ते उत्तर मला मुळीच पटत नाही.

आधी खाण्याचं सांगते. बाजरीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, थंडीपावसात हुलग्याचे शेंगोळे, सणाला पुरण. 1972 च्या दुष्काळात मिलोची, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी आणि दुष्काळी कामावर मिळायची ती सुकडी. त्या वर्षी आजी दिवसा खडी फोडायची आणि रात्री चिमणीच्या उजेडात बिड्या वळायची. हेच सगळं खाणारी, शेजारी बसून तेवढ्याच बिड्या वळणारी तिची धाकटी जाऊ होती. चूल एक, काम एक. ती चाळिशीतच खोकून खोकून गेली. तिच्याबद्दल कुणी विचारत नाही, त्या काय खायच्या म्हणून.

आम्ही सगळे आजीला बाई म्हणायचो, तिच्या लेकीही. आजोबा हमालीला जायचे, लवकर वारले. चार पोरं आणि सूप, एवढंच तिच्याकडे उरलं. सिन्नरमध्ये बिडीवर घरं चालायची, त्यामुळे गल्लीत प्रत्येक ओट्यावर मांडीत सूप घेतलेल्या बायका दिसायच्या. पानं रात्री भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची. सकाळी पत्र्याच्या मापानं एकेक पान कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, दोरा बांधायचा, तोंड दुमडायचं. पंचवीस बिड्यांची एक जुडी. बाई मोजत नसे, मूठ भरली की तिला पंचवीस कळायच्या. मजुरी हजारावर. कारखान्यात नेल्या की तपासणारा त्यातल्या काही छाट म्हणून बाजूला काढायचा; त्याचे पैसे नाहीत आणि त्या बिड्याही परत नाहीत. दिलेली पानं फाटकी निघाली तर हजार भरायला पदरच्या पैशानं पानं विकत घ्यायची. माझी आई सांगते, शाळेत जाण्याआधी तिच्या वाट्याला तोंडं दुमडायचं काम असायचं, आणि तंबाखूचा वास उशीलासुद्धा यायचा.

या कामानं बाईचं आयुष्य वाढलं असं कुणी म्हटलं की मला राग येतो. चाळिशीतच तिची कंबर धरायला लागली. डोळ्यांना पाणी यायचं, हिवाळ्यात छाती भरायची. तिचा देह टिकला हे तिचं नशीब.

पुढचं मात्र नशिबावर सोडून चालणार नाही. 1977 साली बिडी कामगारांना भविष्यनिर्वाह निधी, म्हणजे फंड, लागू झाला, तेव्हा बाई पंचेचाळिशी ओलांडलेली होती. कामगार कल्याण निधीतून पोरांना शिष्यवृत्तीही मिळू लागली होती. माझी धाकटी मावशी त्या पैशावर शिकली आणि पुढे नर्स झाली. घरातली नियमित पगाराची पहिली बाई तीच. पासष्टीच्या आसपास बाईला सूप खाली ठेवता आलं ते मावशीचा पगार होता म्हणून आणि तो फंड होता म्हणून.

फंड मात्र सहज हातात पडला नाही. फंडाच्या कार्डावर कुणीतरी कानावर पडलं तसं तिचं माहेरचं नाव लिहून ठेवलेलं, रेशनकार्डावर लग्नात बदललेलं सासरचं. दोन्ही एकच बाई आहे हे सिद्ध करायला मावशीनं किती हेलपाटे घातले! तेव्हा बाई म्हणायची, "अगं, मी समोर उभी आहे ना, मग आणखी कुणाला इचारायचं?" शेवटी पैसे आले. त्यातून दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले आणि घराच्या मागे संडास बांधला. रात्री-अपरात्री बाहेर जायचं थांबलं याचं तिला डोळ्यांपेक्षा जास्त अप्रूप होतं.

मग पुढची पंचवीसेक वर्षं तिनं अक्षरशः उपभोगली. ज्येष्ठांचं अर्ध तिकीट काढून सिन्नरहून एसटीत बसायची. मोहदरी घाट उतरताना ड्रायव्हरला दोन सूचना करायची आणि नाशकात आमच्या दारात उभी. महाशिवरात्रीला गोंदेश्वर चुकवायची नाही. जन्माची नोंद कुठेच नाही, म्हणून वय ती सिंहस्थावर मोजायची: "छप्पनच्या कुंभाला तुझी मोठी मावशी कडेवर होती." 2003 मध्ये ती आमच्याबरोबर रामकुंडावर आली, 2015 मध्ये गर्दीची धास्ती म्हणून टीव्हीवरच बघितलं, आणि प्रत्येक आखाड्याची मिरवणूक आम्हाला समजावून सांगितली. दुपारी झोपायची. या दुपारच्या झोपेबद्दल मला फार बरं वाटायचं. आयुष्यभर तिला दिवसाउजेडी आडवं पडलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

तेव्हा ती काय खायची हे सांगून भागत नाही. तिला थांबता आलं, डोळे उघडता आले, छातीत धूळ जायची बंद झाली, आणि म्हातारपणी तिच्या पिशवीत स्वतःचे पैसे होते. जावेला यातलं काहीच मिळालं नाही. ती फंड लागू व्हायच्या आधीच गेली.

तुमच्या घरात, गल्लीत कुणी मावशी, काकू अजून बिड्या वळत असतील, तर त्यांना एवढं विचारा: फंडाच्या खात्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव एकच आहे का? माहेरचं-सासरचं झालं असेल, जन्मतारीख वेगळी पडली असेल, तर काम सुरू असतानाच दुरुस्त करून घ्या. कारखाना सोडल्यावर तेच काम दुप्पट अवघड होतं. कागद वाचायला बसायचं असेल तर मला बोलवा. मावशी अजून आहे, तिला हे सगळं पाठ आहे.