एका कान्याचा फरक

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे नाव घेताना बरीच माणसे नकळत एक काना जास्त लावतात आणि ‘वास्तुसंग्रहालय’ म्हणून मोकळी होतात. जुने मुंबईकर अजूनही ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ म्हणत असल्यामुळे या घोटाळ्यातून सुटतात. मी मात्र नाव बदलल्यापासून हा काना इमाने इतबारे लावत आलो, आणि कोणी चूक दाखवली की ओशाळून तो काढूनही घेत आलो. गळ्यात कॅमेरा अडकवून तिथे जायला लागल्यापासून तसे ओशाळण्याचे कारण उरलेले नाही, कारण घरी येऊन काढलेले फोटो पाहू लागलो की वस्तूंचे सारे बिघडलेले असतात आणि जे दोन-चार बरे निघालेले असतात ते वास्तूचे असतात.

पहिल्या खेपेला मी कॅमेऱ्याची वेगळी पावती फाडून, ती वसूल करायचीच अशा निश्चयाने आत गेलो होतो. अकबराच्या पोलादी चिलखतासमोर चांगला पाऊण तास उभा राहिलो. डोळ्यांना त्यावरची अक्षरे आणि सोन्याची नक्षी दिसत होती. कॅमेऱ्याला मात्र त्याआधी काच दिसत होती आणि त्या काचेत मी दिसत होतो. पांढरा शुभ्र शर्ट, छातीवर धरलेला काळा ठोकळा, डोक्यामागे छतावरच्या दिव्यांची माळ आणि या सगळ्याच्या पोटात कुठेतरी बादशहाचे चिलखत. मी डावीकडे सरकलो की शर्ट जाई आणि मागच्या कपाटातल्या तलवारी येत. उजवीकडे सरकलो की तलवारी जात आणि दाराची चौकट येई. माझी ही कवायत बराच वेळ पाहणारे पहारेकरी शेवटी उठून जवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “साहेब, पुढच्या वेळी काळा शर्ट घालून या.”

छायाचित्रणाच्या धड्यांमध्ये हा सल्ला मला इतक्या थोडक्यात कधी मिळाला नव्हता. काच फक्त उजळ गोष्टी परत फेकते. समोर काळोख उभा केला की तिच्याजवळ दाखवण्यासारखे काही उरत नाही. लेन्सच्या तोंडाभोवती रबराचे कडे लावून ती काचेला अगदी टेकवणे हाही त्यातलाच एक उपाय, पण काचेला टेकणे पहारेकऱ्यांना आवडत नाही आणि त्यांचे बरोबरही असते. पोलरायझर नावाची चकती तिरप्या कोनातली चमक बरीच कापते. मात्र ती निम्म्याहून अधिक उजेडही कापून टाकते, आणि जिथे मुळातच उजेडाची वानवा तिथे हा सौदा परवडत नाही.

ही वानवा कंजूषपणाची नसते, हे मला उशिरा कळले. कागद, कापड आणि लघुचित्रे यांच्यावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचे माप) अधिक प्रकाश पडू नये, असा संग्रहालयांचा रूढ दंडक आहे. तैलचित्रांना २००च्या आसपास चालतो. आपल्या कचेरीतल्या टेबलावर ३०० ते ५०० लक्स असतात आणि भर दुपारच्या उन्हात लाखभर, म्हणजे त्या दालनात आपण जवळजवळ तिन्हीसांजेलाच शिरतो. रंगांना उजेडाने होणारी इजा भरून निघत नाही, ती फक्त साचत जाते. हळदीने रंगवलेले कापड उन्हात वाळत घातले की किती लवकर उतरते, हे आपल्या घरातल्या कोणत्याही बाईला माहीत असते. जुन्या चित्रातला एखादा कोवळा रंग याच जातीचा असू शकतो. एका फ्लॅशने चित्र फिके पडत नसले तरी रोज हजार माणसे आपापला ‘एकच’ फ्लॅश उडवणार असतील तर हिशेब वेगळा होतो. शिवाय शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर तारे चमकतात ते निराळेच. तेव्हा फ्लॅश बंद, तिपाई बंद, आणि सेकंदाच्या पंधराव्या भागापुरते हात न हलवता श्वास रोखून खांबाला पाठ टेकून उभे राहणे, एवढेच आपल्या हाती राहते.

इतके करून काढलेला फोटो कशासाठी, हा प्रश्न मी बरेच दिवस टाळला. त्या चिलखताचा फोटो संग्रहालयाने स्वतः काच बाजूला सारून, दिवे लावून, सावकाशीने काढलेला असतो आणि तो माझ्या फोटोपेक्षा शतपटीने चांगला असतो. वस्तूखालच्या माहितीफलकांचे फोटो तर मी शेकड्यांनी काढले आहेत. त्यांतला एकही घरी येऊन पुरता वाचलेला नाही, आणि कोणता फलक कोणत्या मूर्तीचा हेही आता सांगता येणार नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात तर माझी फारच त्रेधा उडाली. एका माणसाने घरोघर फिरून जमवलेल्या त्या संसारात अडकित्ते आहेत, पायाच्या टाचा घासायच्या वज्री आहेत, आणि दिवे तर किती! समया, लामणदिवे, हातदिवे. या सगळ्या दिव्यांचे फोटो उजेड पुरेसा नसल्यामुळे हललेले आले, याची गंमत मला त्या दिवशी मुळीच वाटली नव्हती. कोथरूडहून आणून तिथे पुन्हा उभ्या केलेल्या मस्तानी महालापाशी मात्र मी प्रथमच कॅमेरा कपाटांवरून वर उचलला, आणि काच मध्ये नसण्याचे सुख काय असते ते समजले.

त्यानंतर मुंबईत गेलो तो वास्तूसाठीच. वास्तुविशारद जॉर्ज विटेटने १९०९मध्ये स्पर्धा जिंकून या संग्रहालयाचा आराखडा केला, इमारत १९१४मध्ये उभी राहिली, पण महायुद्धात तिथे लष्करी इस्पितळ थाटले गेले आणि लोकांसाठी दारे उघडली ती १० जानेवारी १९२२ला. कुर्ल्याचा काळसर बेसाल्ट आणि मालाडचा पिवळट दगड एकमेकांशेजारी बसवलेले असल्यामुळे ढगाळ दिवशीही भिंत सपाट दिसत नाही. फोटोसाठी यापेक्षा अधिक काय हवे? अडचण आहे ती घुमटाची. विजापूरच्या गोल घुमटावरून बेतलेला हा घुमट पूर्ण हवा म्हणून कॅमेरा वर उचलला की सबंध इमारत मागे रेलते आणि कडेचे छोटे घुमट एकमेकांच्या कानाला लागतात. कॅमेरा सरळ धरला की इमारत ताठ उभी राहते, पण घुमटाचा माथा कापला जातो आणि खाली हिरवळच हिरवळ. शिफ्ट लेन्स यावरच काढलेला तोडगा आहे, पण तिच्या किमतीत घराची रंगरंगोटी होते. उरतो तो मागे सरकण्याचा उपाय. सरकत सरकत बागेच्या टोकाला गेलो तेव्हा इमारत सरळ झाली आणि बरोबर मधोमध एक झाड आले. शेवटी मी त्या झाडालाच फोटोत मानाची जागा दिली.

आत मात्र ही इमारत उदार होते. मधल्या दालनात नाशिकच्या एका वाड्यातून आणलेल्या कोरीव लाकडी खांबांच्या कमानी बसवल्या आहेत, त्यांच्यावर सज्जे, आणि सर्वांच्या वर एकमेकींत गुंफलेल्या कमानींवर तोललेला घुमट. मी मान मागे टाकून, कॅमेरा डोळ्याला लावून, दालनाचा मध्य शोधत गोल गोल फिरत होतो. बरोबर आलेल्या भाचीने थोडा वेळ हा प्रकार सहन केला. मग “मामा, मान कशाला मोडून घेतोस?” असे म्हणत तिने आपला मोबाइल पाठीवर निजवून सरळ जमिनीवर ठेवला, समोरचा कॅमेरा चालू केला, दहा सेकंदांचा टायमर लावला आणि मला दंडाला धरून बाजूला ओढले. तरीही आम्ही वाकून पाहत राहिलोच. त्या फोटोत घुमट रांगोळीसारखा नेमका मधोमध आहे आणि काठावर आम्हा दोघांची डोकी आहेत, विहिरीत डोकावल्यासारखी.

त्या दोन डोक्यांमुळे तो घुमट केवढा आहे ते कळते. तोवर मी प्रत्येक फोटोसाठी माणसे हलण्याची वाट पाहत असे. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात हा हट्ट सुटला. १८७२चे ते दालन, दोन मजले उंच ओतीव लोखंडी खांब, हिरव्या आणि सोनेरी रंगाचे छत. मोकळे असताना काढलेल्या फोटोत ते एखाद्या दागिन्याच्या डबीसारखे लहान दिसते. तेवढ्यात शाळेची सहल आली. पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवलेली मुलांची रांग खांबांमधून निघाली, एकाच्या बुटाची नाडी सुटली म्हणून सगळी आगगाडी थांबली, आणि त्या वाकलेल्या मुलामागचा खांब एकदम दोन मजल्यांचा झाला. बाहेरच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती आहे. इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत त्याचे तुकडे झाले आणि ते पुढे जोडले गेले. त्याचाही फोटो मी शेजारी एक माणूस येईपर्यंत काढला नाही.

परवा पुन्हा मुंबईच्या संग्रहालयात गेलो. पहारेकरी तेच होते आणि शर्ट पुन्हा पांढराच होता, याची त्यांनी नुसत्या नजरेने नोंद घेतली. मी त्यांना लाकडी खांबांचे फोटो दाखवले. त्यांनी पडदा जवळ घेऊन, दूर धरून पाहिला आणि म्हणाले, “चांगले आहेत, पण तुम्ही पावसाळी दिवस धरलात. दिवाळीनंतर या, तेव्हा बघा या खांबांवर कसा उजेड येतो.” घरी आल्यावर मी काळा शर्ट इस्त्री करून कपाटात पुढेच टांगून ठेवला आहे. खांबांना त्याची काही गरज नाही, पण जाता जाता चिलखतापाशी थांबणे होणारच.